सर्व वाद अमळनेर कोर्टात

“प्रतिवादीला घरच्या कोर्टाची अडचण काय आहे, मिस सरनोबत?”

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवून हा प्रश्न विचारला आणि मागच्या बाकावरची ज्युनियर वकील मंडळी खुदकन हसली. मला सनद मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच प्रकरण, आणि त्यात मी कोल्हापूरच्या कोर्टात उभी राहून सांगत होते, की हा दावा कोल्हापुरात चालवू नका, पार तिकडं खानदेशात अमळनेरला पाठवा.

“अडचण नाही साहेब, करार आहे,” मी म्हणाले. “दोघांनी लिहून दिलंय, की वाद झालाच तर तो फक्त अमळनेरच्या कोर्टात चालेल. मशीन तिथं पोचवलं, तिथंच बसवलं. त्या कोर्टाला अधिकार आहे आणि पक्षकारांनी तेच निवडलंय.”

“ते मी वाचलं. प्रतिवादी राहतो कुठं?”

“कोल्हापुरात, साहेब.”

“त्याचा कारखाना?”

“उद्यमनगरात.”

“इथून किती लांब?”

मी घुटमळले. तेवढ्यात माझ्या मागून माझ्या अशिलानंच खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “सायकलवर टांग टाकली की आलंच न्हवं, सायेब!”

आता ज्युनियर मंडळींनी हसू दाबायचेही कष्ट घेतले नाहीत. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद बाजूला सारले आणि दोन्ही पक्षकारांना नीट न्याहाळलं. “म्हणजे अमळनेरचा वादी म्हणतो कोल्हापूर, आणि कोल्हापूरचा प्रतिवादी म्हणतो अमळनेर. इतकी वर्षं मी या खुर्चीत बसतोय. येईल तो आपल्या दारातलं कोर्ट मागतो. दुसऱ्याच्या दारात जाऊन भांडायची हौस असलेली माणसं मी आजच बघतोय.”

माझे अशील होते हिंदुराव टिपुगडे. उद्यमनगरात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उंचापुरा गडी, पांढऱ्या मिशा, डोक्यावर तिरका फेटा. स्वतःबद्दल बोलताना संकोच नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पापडाचं मशीन, शेवयांचं मशीन, मिरची कांडायचं मशीन, असं काहीबाही ते घडवत आणि प्रत्येक मशीन दाखवताना “असलं जर्मनीत बी न्हाई” हे वाक्य न चुकता म्हणत. ते माझ्याकडं आले याचा मला फार अभिमान वाटला होता. मग कळलं, की आधी गावातले चार नामांकित वकील त्यांना ‘वेड लागलंय का’ म्हणून वाटेला लावून मोकळे झाले होते. घरच्या मैदानावरचा सामना सोडून परक्या गावात कोण जातो?

मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं.

“मिस्त्री, इथंच लढू या की. तुमचे साक्षीदार इथं, कामगार इथं.”

“वकीलबाई,” ते म्हणाले, “कागदावर काय लिवलंय?”

“अमळनेर.”

“मग? लिवलेलं खोटं करायचं व्हय?”

“पण हे लिहिलं कोणी? दोघांच्या सह्या असलेल्या तुमच्या छापील बिलावर तर ‘सर्व वाद कोल्हापूर न्यायकक्षेत’ असं आहे. ते खोडून वर शाईनं अमळनेर कोणी केलं?”

“म्याच.”

“का?”

मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि “चा सांगा की,” म्हणाले. त्या विषयावर त्यांच्याकडून आणखी काही निघालं नाही. पण उठताना दारात थांबून ते एवढंच बोलले, “दावा अमळनेरला ग्येला पायजे. बाकी मग मी हरलो तरी चालंल. तेवढं करा, बाई.” एवढा तोऱ्यातला माणूस काकुळतीला आला होता, आणि का कोण जाणे, मी ते मनावर घेतलं.

दाव्याची हकीकत अशी. अमळनेरचे बन्सीशेठ अमृतकर हे मंगल कार्यालयाचे मालक. अंबाबाईच्या दर्शनाला आले, उद्यमनगरात मिस्त्रींचं पापडाचं मशीन बघून खूश झाले आणि म्हणाले, आम्हाला पुरणपोळीचं करून द्या. मिस्त्रींनी करून दिलं. त्यांचे फिटर जाऊन ते बसवून आले, मिस्त्री स्वतः गेले नाहीत. आणि घोटाळा तिथंच झाला. कोल्हापुरात पुरणपोळी म्हणजे ताटलीएवढी, गुबगुबीत, वर तुपाची धार. खानदेशात पुरणपोळी म्हणजे मांडा! हातावर फेकत फेकत तलम केलेला, उपड्या खापरावर भाजलेला, हातभर रुंद, घडी घालूनच ताटात मावणारा. शेठच्या डोळ्यांपुढं मांडा होता, मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं पोळी. दोघंही ‘पुरणपोळी’च म्हणत होते आणि दोघांनाही वाटत होतं, की जगात तिचा दुसरा प्रकार नाहीच.

बन्सीशेठच्या दाव्यात मशीनचे दोन दोष सांगितले होते. पहिला, पोळी भलतीच लहान. दुसरा जास्त गमतीचा होता. या मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक पोळीला काठाशी एके ठिकाणी पोचा होता, कुणीतरी आधीच चावा घेतल्यासारखा. एकही पोळी पूर्ण गोल नाही.

कैफियत लिहिताना मी मिस्त्रींना म्हणाले, “हा पोचा तरी मान्य करू या. काठ कापणारी कडी वाकली असेल, दुरुस्त करून देतो म्हणू.”

मिस्त्री ताडकन उठले. “कडी वाकलेली न्हाई! मी तशीच घडवलीया. इंच इंच मापून. लिवा, की ह्यो दोष न्हाई. ह्येच डिझाइन हाय.”

“पोचा हे डिझाइन?”

“लिवा.”

मी लिहिलं. ‘सदर पोचा हा दोष नसून प्रतिवादीने हेतुपुरस्सर केलेली रचना आहे.’ टाइप करणाऱ्या जोशीबुवांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी कागद घेऊन निमूट बाहेर पडले.

तर त्या दिवशी कोर्टात वादीचे वकील उठले. दादासाहेब वाळवेकर, कोल्हापुरातलं जुनं प्रस्थ. त्यांनी माझ्याकडं बघून प्रेमळ स्मित केलं. असं स्मित ते ज्याला पाडायचं त्याच्याकडंच बघून करत.

“साहेब, बाईंचा अभ्यास चांगला आहे. पण ही अट आमच्या अशिलाच्या सोयीसाठी होती. आम्हाला ती सोय नको. आम्ही ती सोडून देतो. प्रतिवादीला आम्ही त्याच्या घरच्या दारात आणून कोर्ट दिलंय, त्यानं आमचे आभार मानायला हवेत.”

“हे तुमच्या पक्षकारालाच विचारू,” न्यायाधीश म्हणाले. “काय हो शेठ, तुम्हाला तुमचं गाव का नको?”

बन्सीशेठ उभे राहिले. गोल चेहरा, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. दादासाहेबांनी त्यांना खुणेनं ‘गप्प बसा’ सांगितलं, पण शेठच्या पोटात ही गोष्ट बरेच दिवस उकळत असावी.

“साहेब, खरं सांगू? माझी लाज गेली ना साहेब! उद्घाटनाला सारं गाव बोलावलं. मांडव घातला, बँड लावला. फीत कापली, मशीन सुरू केलं. अन् त्याच्यातून निघाल्या ह्या एवढ्या एवढ्या पोळ्या!” त्यांनी दोन्ही हातांनी आकार दाखवला. “आमच्याकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एक म्हणे, शेठनी भातुकली मांडली. दुसरी म्हणे, हिला तर उंदरानं खाल्लंय. ते सारं मी सहन केलं असतं. पण एक बाई पुढं आली. एक पोळी उचलली, उलटीसुलटी केली, काठावर बोट फिरवलं. अन् एक घास घेतला, अन् ढसाढसा रडायला लागली साहेब! भर मांडवात! थांबेचना! तेव्हापासून गावात काय म्हणतात, माहीत आहे? बन्सीशेठची पोळी रडवते. आता माझ्या कार्यालयात कोणी लग्न लावायला तयार नाही. तिकडं दावा लावला तर सारं गाव कोर्टात येऊन बसेल, अन् सारं पुन्हा उगाळलं जाईल. म्हणून इथं आलो. इथं मला कोणी ओळखत नाही.”

कोर्ट हसण्यात बुडालं. मीही हसले. हसता हसता मागं वळून बघितलं, तर मिस्त्री हसत नव्हते. ते उभे राहिले होते आणि त्यांचा हात समोरच्या बाकावर घट्ट रोवलेला होता.

“कोण बाई?” ते म्हणाले.

“प्रतिवादी, खाली बसा.”

“कोण व्हती ती बाई? शेठ, दिसायला कशी व्हती?”

“मिस सरनोबत, अशिलाला आवरा!”

मी त्यांची बाही ओढून त्यांना बसवलं. मला वाटलं, आपल्या मशीननं एका बाईला रडवलं हे ऐकून या माणसाच्या कारागिरीला धक्का बसला. कारागीर लोक हळवे असतात, असा एक विचारही माझ्या मनात येऊन गेला. मी उठून उरलेला युक्तिवाद केला. अट एकट्या वादीच्या सोयीची असं कागदात कुठं म्हटलेलं नाही, ती दोघांनी मिळून घातली, मग एकट्यानं ती सोडता येत नाही, वगैरे. आवाज जरा चढलाच. पण मिस्त्रींचा तो चेहरा बघून मला हे प्रकरण अचानक फार जिंकावंसं वाटत होतं.

जेवणाच्या सुटीनंतर निकाल मिळाला. हरकत मान्य. वादीनं दावा परत घ्यावा आणि हवा असल्यास अमळनेरच्या कोर्टात दाखल करावा.

मी जिंकले होते! आयुष्यातला पहिला निकाल! मी व्हरांड्यात आले ती जमिनीच्या थोडी वरूनच चालत होते. मिस्त्री तर पेढ्याचा पुडा घेऊन तयारच होते. त्यांनी पहिला पेढा मला दिला, दुसरा दादासाहेबांना दिला आणि तिसरा बन्सीशेठच्या तोंडापाशी नेला.

शेठनी तोंड फिरवलं. “पेढे तुम्हीच खा, मिस्त्री. जिंकले तुम्ही. मी काही आता दावा लावत नाही.”

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला. “म्हंजे?”

“म्हणजे काय? अमळनेरला मी जाणार नाही अन् आता इथं चालणार नाही. मशीन ठेवतो झाकून. झालं गेलं विसरा. तुम्ही सुटले!”

दुसरा एखादा अशील असता तर त्यानं मला खांद्यावर घेऊन बिंदू चौकापर्यंत मिरवलं असतं. मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला.

“न्हाई न्हाई शेठ, असं कसं? दावा लावा की! एवढं नुकसान झालंय तुमचं!”

“झालं तर झालं.”

“आवो, गाव हसतंय तुमाला! अब्रूचा सवाल हाय! मी तर म्हंतो, चांगला दणकून दावा लावा माझ्यावर. सोडू नका मला!”

बन्सीशेठ दोन पावलं मागं सरकले. “वकीलसाहेब,” ते दादासाहेबांना हळूच म्हणाले, “हा माणूस ठीक आहे ना?”

मला मात्र आता राग आला. मी मिस्त्रींना कोपऱ्यात घ्यायला गेले, ते येईनात, तेव्हा मी सगळ्यांसमोरच विचारलं, “मिस्त्री, आता खरं सांगा. तुम्हाला अमळनेरला काय करायचंय? जायचंच असेल तर तिकीट काढा आणि जा! त्याला दावा कशाला लागतो?”

मिस्त्री व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले. पेढ्याचा पुडा त्यांनी मांडीवर ठेवला.

“जाता येत न्हाई, पोरी,” ते म्हणाले. ‘वकीलबाई’ची ‘पोरी’ कधी झाली, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. “शबूद दिलाय.”

“कुणाला?”

“समद्या गल्लीला.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एकच मुलगी, शालन. कारखान्यात ड्रॉइंग काढायला अभिमन देवरे नावाचा खानदेशी पोरगा होता. हुशार, कामाचा. सहा वर्षांपूर्वी दोघांनी येऊन सांगितलं, लग्न करतो. मिस्त्रींना पोरगा वाईट वाटला नव्हता. पण तो नोकरी धरून परत आपल्या गावी जाणार होता, आणि ते गाव होतं अमळनेर.

“दोन दिसाच्या वाटंवर कोण पोरगी देतं? सकाळी आठवण झाली तर सांजच्याला जाऊन याया यावं, एवढ्यात द्यावी न्हवं? मी न्हाई म्हटलं. तिनं रजिस्टर लगीन केलं. निघताना पाया पडाया आली. तवा मी दारात उभा राहून, समद्या गल्लीदेखत वरडलो, की अमळनेरच्या वेशीत पाय ठिवणार न्हाई. कोर्टानं समन्स काढून वडत नेलं तरच यीन!”

दादासाहेबांनी पेढा तोंडात टाकला होता, तो चावायचेही ते थांबले.

“शालनची आई जाती वर्सातनं दोनदा,” मिस्त्री पुढं म्हणाले. “शपथ माझी, तिची न्हाई. पण मी कसा जाणार? गल्लीत त्वांड कसं दावणार? मग ह्ये शेठ आलं. म्हणालं, अमळनेरला मशीन पायजे. अमळनेर म्हटल्याबरोबर माझ्या हातानं आपसूक बिलावरचं कोल्हापूर खोडलं. म्हटलं, कवा काळी भांडान झालंच, तर कोर्ट बलवंल.”

बन्सीशेठ लालबुंद झाले. “म्हणून तुम्ही मशीन मुद्दाम बिघडवलं?”

“ओ शेठ!” मिस्त्री उसळले. “पोरीसंगं भांडलो आसंन, लोखंडासंगं बेइमानी कवा केली न्हाई. मशीन झ्याक हाय. असलं जर्मनीत बी न्हाई!”

“मग पोचा? तो कशाचा?”

मिस्त्रींनी मान खाली घातली. “शालन ल्हान व्हती तवा तिला पोळी गोल लाटाया जमायची न्हाई. कसला बी नकाशा व्हायचा. मग ती डब्याचं झाकण उपडं मारून पोळी गोल कापायची. त्ये झाकण तिच्याच हातनं पडून एका अंगाला चेपलेलं. म्हणून आमच्या घरात पोळीला कायम पोचा. ती गेल्यापासनं गोल पोळी खातोय आमी. ग्वाड लागत न्हाई. अमळनेरसाठनं पोळीची कडी घडवायची, तर मला दुसरं कुठलं माप सुचंना. त्येच झाकण घ्येतलं.”

बन्सीशेठनी टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी पुन्हा घातली.

“मिस्त्री,” ते हळूच म्हणाले, “ती रडणारी बाई. मी तिला विचारलं होतं, ताई, एवढं काय झालं? तर ती काही सांगेना. दोन पोळ्या पदरात बांधल्या अन् उलट मलाच विचारलं, मशीन बसवायला मिस्त्री स्वतः आले न्हाईत व्हय? आम्ही असं ‘व्हय’ म्हणत नाही. मला तेव्हाच वाटलं, ही बाई आमच्याकडची नाही.”

मिस्त्रींनी फेट्याचा शेव तोंडावर घेतला. कोर्टाच्या व्हरांड्यात माणसं रडताना मी नंतर पुष्कळ बघितली, पण पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन रडणारा तोच एक.

बन्सीशेठ एकदम दादासाहेबांकडं वळले. “साहेब, काढा कागद. लावतो दावा. अमळनेरला!”

“अहो, पण गाव हसेल म्हणत होता ना?” दादासाहेब म्हणाले.

“हसू द्या. पण समन्स जरा कडक शब्दांत निघेल असं बघा.”

समन्स निघालं. मिस्त्रींनी ते घेऊन गल्लीतल्या घराघरात दाखवलं, “काय करणार, कोर्टाची आज्ञा” असं म्हणत उसासे टाकले, आणि नव्या धोतराला इस्त्री करून मला घेऊन निघाले. दोन बस आणि एक रेल्वे बदलून आम्ही अमळनेरला पोचलो. कोर्टात हजेरी लागली, पुढची तारीख पडली. बाहेर पडल्यावर त्यांनी मला काही न सांगता टांगा केला.

देवरेंचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. दार शालननं उघडलं. बापासारखीच उंच. ती बघतच राहिली. मिस्त्रींनी प्रवासभर मनात घोळवलेलं भाषण बहुतेक तिथंच सांडलं. त्यांनी समन्सचा कागद पुढं केला.

“ह्ये बघ. मी आलो न्हाई. कोर्टानं आणलंय.”

शालननं कागद घेतला. दारातच उभं राहून पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळा वाचला. घडी घातली आणि परत दिला.

“ह्यात कोर्टात हजर व्हा म्हटलंय,” ती म्हणाली. “माझ्या घरात या, असं कुठं हाय?”

मिस्त्री गोंधळले. माझ्याकडं वळून कुजबुजले, “वकीलबाई, बोला की काय तरी!”

मी काय बोलणार? हरकत बिनतोड होती. माझ्या पहिल्या निकालानंतरचा माझा पहिला पराभव मी त्या उंबऱ्यात पत्करला.

मग मिस्त्रींनी पिशवीत हात घातला आणि एक जुनं, एका बाजूला चेपलेलं पत्र्याचं झाकण बाहेर काढलं.

“पुरावा म्हणून आणलं व्हतं,” ते पुटपुटले. “कोर्टानं इचारलंच न्हाई.”

शालननं झाकण हातात घेतलं. चेपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ओठ घट्ट दाबून धरले, पण जमलं नाही. “आप्पा, सहा वर्सं लागली व्हय तुमाला समन्स मिळवाया?” एवढं म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली. फेटा खाली पडला. मी तो उचलला आणि दुसरीकडं बघत उभी राहिले, कारण माझेही डोळे भरून आले होते.

त्या दिवशी तिनं मांडे केले. सासूकडून शिकलेले, हातावर फेकून तलम केलेले, खापरावर भाजलेले. मिस्त्री तोंड उघडं ठेवून बघत राहिले. “असला पसारा व्हय? आरं, मग शेठचं बरूबर हाय की!” असं ते दाव्यातली आमची सगळी बाजू धाब्यावर बसवून म्हणाले. शालननं पहिला मांडा ताटात पसरला, त्यावर झाकण उपडं मारलं आणि मधला पोच्याचा गोल कापून बापाच्या पानात वाढला. भोवतालचा घेर माझ्या वाट्याला आला.

दावा पाच वर्षं चालला. मिस्त्री एकाही तारखेला चुकले नाहीत. तारीख लांबणीवर पडली की कोर्टातला एकमेव खूश माणूस तेच असायचे. बन्सीशेठ स्टेशनवर त्यांना न्यायला येऊ लागले. गाव हसायचं थांबलं, उलट ‘रडवणारी पोळी’ मागायला लोक कार्यालयात येऊ लागले, आणि दाव्यातलं ‘सदोष’ मशीन लग्नसराईत दिवसरात्र चालू लागलं. शेवटी न्यायाधीशांनी निकाल दिला, की करारात पुरणपोळी म्हटलंय, मांडे म्हटलेलं नाही, म्हणून दावा रद्द.

मी पेढे घेऊन उद्यमनगरात गेले. मिस्त्री स्टुलावर बसले होते, तोंड उतरलेलं.

“अपील कुठं करायचं असतं?” त्यांनी विचारलं.

“जळगावला. पण तुम्ही जिंकलात, मिस्त्री. जिंकलेल्याला अपील नसतं.”

“मग हरवायचं व्हतंस की मला!” ते खेकसले. “आता कसा जाऊ?”

“अहो, आता सरळ जा. गल्ली सगळं विसरली.”

“गल्ली इसरली आसंल. शबूद माझा हाय.”

या माणसापुढं मी हात टेकले. ऑफिसात येऊन शालनला चार ओळींचं पत्र टाकलं आणि विषय सोडून दिला.

थोड्याच दिवसांत मिस्त्री माझ्या ऑफिसात वादळासारखे शिरले. मिशा फुललेल्या, फेटा तिरका, हातात एक लांब पाकीट. “नोटीस आलीया मला! वकिलाची! अमळनेरस्नं!”

मी वाचू लागले. ‘आमच्या अशील सौ. शालन अभिमन देवरे यांच्या लग्नातील माहेरचा आहेर आजतागायत पोचलेला नाही. सबब आपण तो स्वहस्ते अमळनेर मुक्कामी आणून द्यावा, आणि आमच्या अशिलाचे समाधान होईपर्यंत तेथेच हजर राहावे. कसूर केल्यास अमळनेर येथील कोर्टात दावा लावण्यात येईल.’ खाली टीपही होती, की आमच्या अशिलाचे समाधान लवकर होत नाही.

“मग? उत्तर काय द्यायचं?” मी विचारलं.

मिस्त्रींनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसले, आणि माझ्याकडं बोट रोखलं.

“काय बी लिवा, पोरी. पर एक ध्यानात ठिवा. ह्या खेपंला अमळनेरच्या कोर्टाला हरकत घ्यायची न्हाई.”